जामीन राहण्यापूर्वी

गेल्या महिन्यात आमचे धाकटे बंधू बँकेचे कागद घेऊन घरी आले. त्यांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. नाशिकच्या शाखेत नवे यंत्र बसवायचे, त्यासाठी कर्ज काढायचे आणि त्याला मी जामीन राहायचे, असा बेत. "दादा, तू फक्त सही कर," एवढेच म्हणणे. सही मला उत्तम येते. पण आमच्या घरी आकड्यांचे कागद वाचण्याचे काम सौभाग्यवतींकडे. त्या विमा कचेरीत हिशेब तपासतात.

"सर्वांत मोठे गिऱ्हाईक किती टक्के?" त्यांनी विचारले.

"अवघे चौदा, वहिनी!" बंधू ऐटीत म्हणाले. पाच कोटींच्या विक्रीत सत्तर लाख.

"आणि नुसत्या नाशकात?"

बंधू जरा थबकले. नाशिकची विक्री १ कोटी. त्यातले हेच ७० लाख. उरलेले ३० तिघांत सारखे. म्हणजे पुण्यात बसून चौदा टक्के दिसणारे गिऱ्हाईक नाशकात सत्तर टक्के निघाले! नोंदणीकृत बड्या कंपन्यांनाही दहा टक्के वा अधिक उत्पन्न देणारे गिऱ्हाईक असल्यास ते अहवालात सांगावे लागते. पण ते टक्के सबंध कंपनीचे. शाखेचे दुखणे त्यात लपून जाते.

मग वहिनीबाईंनी पाकिटाच्या पाठीवर वर्ग मांडले. ही रीत हर्शमन आणि हर्फिन्डाल या दोन अर्थशास्त्रज्ञांच्या नावाने चालते. प्रत्येकाच्या टक्क्यांचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. चौघे सारखे असते तर २५००. इथे ४९०० अधिक ३००, म्हणजे ५२००. दहा हजारांना त्याने भागले की दोनही पुरते येत नाहीत. नावे चार, पण आधार जेमतेम दोघांचा. (वर्ग म्हटले की मला पहिल्या तासाची पोरे आठवतात, ते सोडा.)

त्याहून साधा हिशेब मला अधिक झोंबला. कागद, शाई वजा जाता विक्रीतले तीस टक्के हाती उरतात. भाडे, पगार आणि नवा हप्ता मिळून वर्षाला २० लाख. आज हाती ३० लाख येतात. ते एक गिऱ्हाईक गेले, तर ९. उरलेले ११ लाख कोण भरणार? सही ज्याची, तो.

"मोठे गिऱ्हाईक का कुणी सोडते?" बंधू चिडले.

१९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसची गोष्ट मला ठाऊक होती. १९९५ मध्ये उत्पन्नाचा चौथा हिस्सा देणारी एक बडी अमेरिकन कंपनी दरासाठी अडून बसली, तेव्हा नारायण मूर्ती आणि मंडळींनी तिच्यावर पाणी सोडले. पुढे एका गिऱ्हाइकावर, एका देशावर फार विसंबायचे नाही, असे धोरणच ठरवले. पण तिथे बाकीचे तीन हिस्से शाबूत होते. नाशकात मागे उरतात ते तीस टक्के!

चहा पिताना बंधू सहज बोलून गेले, की त्या तिघांतले दोघे त्याच बड्या गिऱ्हाइकाला सुटे भाग पुरवतात. सौभाग्यवतींनी कप खाली ठेवला आणि पाकीट पुन्हा ओढले. सत्तर आणि वीस, नव्वद. वर्ग ८१००, अधिक १००. बेरीज ८२००.

कागद माझ्या टेबलाच्या खणात आहेत. बंधू सध्या नाशकात नवी गिऱ्हाइके शोधत हिंडताहेत. पाडव्याला येतो म्हणालेत.