खोडदची जाळी आणि बाजारातले संगणक

आमच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्याचा इतिहास सांगताना शिवनेरी येतो, लेण्याद्री येते, नाणेघाट येतो. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण मात्र ‘विज्ञान’ म्हणून बाजूला ठेवली जाते. ही वाटणी मला मान्य नाही. आजचा धागा त्याविषयी. लांब आहे, सवडीने वाचावा.

नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत. भारतीय अंकलेखनाच्या अतिप्राचीन पुराव्यांत त्याची गणना होते. त्याच जुन्नर तालुक्यात सुमारे दोन हजार वर्षांनी आकडेमोडीचा आणखी एक अचाट प्रयोग झाला.

त्याचे मूळ शोधायला आधी कल्याणला जावे लागेल. गोविंद स्वरूप हे तरुण संशोधक १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात शिकत होते. सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथील सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या तेव्हा मोडीत निघण्याच्या बेतात होत्या. त्या भारताला द्याव्यात, असे त्यांनी सुचवले. तबकड्या आल्या, काही वर्षे दिल्लीत पडून राहिल्या आणि अखेर १९६५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्या कल्याणला उभारून सूर्याचे निरीक्षण सुरू केले. भारतीय रेडिओ खगोलशास्त्राचा हा पहिला महत्त्वाचा टप्पा दुसऱ्याने टाकून देऊ केलेल्या सामानावर उभा राहिला!

पुढे स्वरूप यांनी उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली. उताराचा कोन तेथील अक्षांशाशी जुळत असल्याने एकाच अक्षाभोवती फिरून ती आकाशातील स्रोताचा तासन्‌तास पाठलाग करू शकते. डोंगरालाच यंत्राचा भाग करणारा हा माणूस १९८० च्या दशकात आमच्याकडे वळला.

खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. चौदा मध्यभागी, उरलेल्या सोळा तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या. एवढी तबकडी भरीव पत्र्याची केली असती, तर वाऱ्याचा रेटा पेलण्यासाठी प्रचंड पोलाद लागले असते. येथे पोलादी दोरांच्या ताणावर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेची जाळी बसवली आहे. जाळीची भोके १० ते २० मिलिमीटरची, तर टिपायच्या लहरी किमान वीतभर लांबीच्या. त्या लहरींना ही जाळी अखंड आरशासारखीच भासते. वारा मात्र आरपार निघून जातो. लांबून पाहणाऱ्याला खुराड्याची जाळी आठवली, तर त्यात त्याचा दोष नाही.

पण मला खरी मौज वाटते ती आतल्या संगणकांची. तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीचे संकेत क्षणोक्षणी परस्परांशी ताडून पाहावे लागतात. प्रारंभी हे काम खास त्यासाठीच घडवलेली यंत्रणा करी. २००० च्या दशकाच्या अखेरीस येथील अभियंत्यांनी बाजारात मिळणारे साधे संगणक जाळ्याने जोडले आणि तेच काम आज्ञावलीवर सोपवले. यंत्राचा स्वभाव बदलायचा, तर आता सुटे भाग नव्हे, आज्ञा बदलायची! पुढच्या सुधारणेत व्हिडिओ गेममधील चित्रे झरझर रंगवण्यासाठी जन्मलेले ग्राफिक्स प्रोसेसर आले, आणि एका वेळी टिपता येणारा लहरींचा पट्टा ३२ मेगाहर्ट्‌झवरून ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंदावला.

याला कोणी कौतुकाने ‘जुगाड’ म्हणतात. मला तो शब्द येथे अन्यायकारक वाटतो. जुगाडात वेळ मारून नेणे असते. येथे जाळीच्या भोकापासून लहरीच्या लांबीपर्यंत सारे आधी कागदावर मांडलेले आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या स्कियापारेली या युरोपीय यानाचा क्षीण संकेत याच अँटेनांनी टिपला. तो उतरण्याआधी अचानक थांबला, हेही येथे कळले.

आता कटू भाग. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगाववरून जाणारा मार्ग या दुर्बिणीला बाधक ठरेल, असे रेल्वे मंत्रालयाने सांगितल्यापासून आमच्याकडे दुर्बीण म्हणजे विकासाच्या आड येणारी वस्तू झाली आहे. रेल्वे मागणाऱ्यांचे गाऱ्हाणे खोटे नाही. भाजीपाला पिकवणाऱ्या या पट्ट्याने किती काळ केवळ महामार्गावर विसंबावे? परंतु विजेच्या ठिणग्यांतून उठणारा रेडिओ-कल्लोळ दूरच्या आकाशगंगेचा संकेत बुडवू शकतो, हेही तितकेच खरे आहे. या वादात कोणी कोणती बाजू घ्यावी, हे मी सांगणार नाही. ज्या यंत्रासाठी त्याग करायला सांगितले जाते, ते यंत्र शेजाऱ्यांना नीट दाखवावे, एवढे मात्र जरूर म्हणेन. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास केंद्राची दारे सर्वांसाठी उघडतात, हे उत्तमच. पण वर्षातले दोन-चार दिवस पुरेसे नाहीत.

माझी सूचना साधी आहे. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे एक दालन मिळावे. निवृत्त झालेल्या यंत्रणेचे एखादे सर्किट बोर्ड, जाळीचा हातभर तुकडा, वापरून झालेले ग्राफिक्स कार्ड, कल्याणच्या तबकड्यांचे छायाचित्र, आणि प्रत्येकाखाली मराठीत चार ओळी. अशा वस्तू भंगाराच्या वजनाने विकल्या जाण्यापूर्वी मागून घ्याव्या लागतात. स्वरूप यांनी पॉट्स हिलच्या तबकड्या मागितल्या होत्या, तशा.