माराकायबोच्या तीरावरचे ऋण

हंटिंग्टनच्या विकाराची गती मंदावणारा उपचार हाती आल्याची वार्ता सप्टेंबर २०२५ मध्ये जगभर प्रसृत झाली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या कवचातून एक जनुकीय आदेश शस्त्रक्रियेने मेंदूच्या खोल भागात पोहोचवावयाचा आणि रोगकारक प्रथिनाची निर्मिती मुळातच कमी करावयाची, असे या उपचाराचे स्वरूप आहे. मोठी मात्रा मिळून तीन वर्षे पूर्ण झालेल्या १२ रुग्णांमध्ये विकाराची वाढ सुमारे ७५ टक्क्यांनी मंदावली, असे युनिक्युअर या कंपनीने जाहीर केले. रुग्णांची संख्या अल्प आहे, तुलना अन्य रुग्णांच्या पूर्वीच्या नोंदींशी केलेली आहे आणि हा पुरावा पुरेसा आहे काय, याविषयी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी पुढे शंकाही घेतली. तथापि ज्या विकारापुढे वैद्यकाने दीडशे वर्षे हात टेकले, त्याच्या बाबतीत आशेला प्रथमच काही आधार मिळाला, हे नाकारता येणार नाही. अशा वेळी आनंदाबरोबरच एका प्रश्नाचा विचार होणे अगत्याचे आहे. हे ज्ञान ज्यांच्या रक्तातून आले, त्यांच्या वाट्याला त्याचे फळ येणार आहे काय?

तीन पिढ्यांची नोंद

जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकन डॉक्टराने १८७२ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, या विकाराचे नेमके वर्णन प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्याचे वडील आणि आजोबा वैद्यकी करीत. त्यांनी ज्या घराण्यांत हे दुखणे पाहिले, त्याच घराण्यांत ते त्यानेही पाहिले. हातापायांच्या आणि चेहऱ्याच्या अनावर हालचालींमुळे ग्रीक भाषेतील नृत्यवाचक शब्दावरून त्याला ‘कोरिया’ हे नाव पडले होते. परंतु हे केवळ अंगविक्षेपाचे दुखणे नव्हे. त्याबरोबर बुद्धी क्षीण होते, स्वभाव पालटतो, बोलणे व गिळणे अशक्य होते आणि पंधरा-वीस वर्षांत रुग्ण दगावतो. आईबापांपैकी एकाला हा विकार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो. लक्षणे बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान दिसू लागतात; म्हणजे आपल्याला हा वारसा आहे हे कळण्याआधीच माणसाला मुले झालेली असतात. या विकाराचे सर्वांत क्रूर अंग कोणते असेल, तर ते हेच होय.

व्हेनेझुएलाच्या पश्चिमेस माराकायबो नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठच्या कोळ्यांच्या वस्त्यांत या विकाराचे प्रमाण जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही इतके मोठे आहे. तेथील लोक त्याला नुसते ‘एल माल’, म्हणजे ‘ते दुखणे’, असे म्हणत. शेजारीपाजारी या माणसांना दारुडे वा वेडे समजत. अमेरिको नेग्रेते या व्हेनेझुएलाच्याच डॉक्टराने १९५०च्या दशकात हा हंटिंग्टनचा विकार असल्याचे ओळखले. पुढे नॅन्सी वेक्सलर या संशोधिकेच्या नेतृत्वाखाली १९७९ पासून अमेरिका आणि व्हेनेझुएला यांचा संयुक्त प्रकल्प तेथे उभा राहिला. वेक्सलर यांच्या आईला हाच विकार होता आणि तो आपल्यालाही झाल्याचे त्यांनी २०२० साली स्वतः जाहीर केले. वीस वर्षांहून अधिक काळ संशोधकांची पथके त्या वस्त्यांत जात राहिली. दहा पिढ्यांतील १८ हजारांहून अधिक माणसांची वंशावळ तयार झाली आणि सुमारे चार हजार जणांचे रक्त तपासणीसाठी मिळाले.

या रक्ताच्या आधारे जेम्स गुसेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली रोगाचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले, आणि दहा वर्षांच्या परिश्रमांनंतर १९९३ साली ते जनुक प्रत्यक्ष हाती आले. आज या विकाराची जी तपासणी जगभर होते आणि ज्या उपचारांची चर्चा चालू आहे, त्या सर्वांचे मूळ या शोधात आहे.

बीजातील वाढता दोष

या जनुकातील दोष वरकरणी साधा आहे. त्यात सी-ए-जी या तीन अक्षरांचा गट पुनःपुन्हा येतो. निरोगी माणसात तो सव्वीस वेळांपर्यंत येतो. चाळीस किंवा त्याहून अधिक वेळा आला, तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसाला हा विकार होतोच. आवर्तने जितकी अधिक, तितकी लक्षणे लवकर. साठांहून अधिक आवर्तने असतील, तर विकार बालपणी किंवा कुमारवयातच गाठतो. आणि अशा मुलांना तो बहुतेक वेळा पित्याकडून आलेला असतो, असे डॉक्टरांच्या ध्यानात आले. मातेकडून आलेला वारसा सहसा फार वाढत नाही आणि पित्याकडून आलेला मात्र पिढीगणिक वाढतो, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर मेंदूत नव्हे, तर जननपेशींत दडलेले होते.

स्त्रीच्या बीजपेशींचे संख्यावाढीसाठी होणारे विभाजन तिच्या जन्माआधीच संपलेले असते. पुरुषाच्या शुक्रपेशींची मूळ पेशी मात्र वयात आल्यापासून वार्धक्यापर्यंत विभागतच राहते. एखादा लेखनिक तोच तोच शब्द ओळीने शंभरदा उतरवू लागला, तर त्याची गणती जशी चुकते, तशी दर विभाजनाच्या वेळी या लांबलेल्या आवर्तनांची गणती चुकण्याचा संभव असतो. ही अटकळ पडताळण्यासाठी माराकायबोच्या समुदायातील २६ पुरुषांच्या साडेतीन हजारांहून अधिक शुक्राणूंची एकेक करून तपासणी झाली आणि १९९९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरातील सरासरी ८२ शुक्राणूंमध्ये आवर्तनांची संख्या बदललेली होती. ज्यांच्यात मुळातच पन्नास किंवा अधिक आवर्तने होती, त्यांच्या बाबतीत हे प्रमाण ९८ टक्क्यांवर गेले होते. गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे अखेरचे विभाजन पुरे होण्याआधीच हा बदल घडू शकतो, हे २००३ साली दोन रुग्णांच्या वृषणातील पेशींच्या अभ्यासावरून सिद्ध झाले.

कोणत्याही पारंपरिक समाजात, आणि त्यातही आधीच कुचेष्टेचा विषय झालेल्या समाजात, पुरुषांनी अशा तपासणीसाठी आपले वीर्य परक्या संशोधकांच्या हाती देणे ही सामान्य गोष्ट नव्हे. रक्त देण्याहून हे दान अवघड होते. त्या वेळी त्याचा तात्काळ उपयोगही कोणाला सांगता आला नसता.

तो उपयोग पुढे दिसून आला. आवर्तनांची ही वाढ शुक्रपेशींतच होते असे नाही, ती मेंदूच्या पेशींतही होते. मेंदूच्या या पेशी विभागत नाहीत. तरीही त्यांतील डी.एन.ए.ची दुरुस्ती करणारी यंत्रणा ही लांबलेली ओळ दुरुस्त करू जाते आणि तीत भर घालते. दुरुस्तीच्या या यंत्रणेतील जनुकांच्या फरकांवर लक्षणे लवकर येणार की उशिरा, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते, असे २०१५ साली हजारो रुग्णांच्या अभ्यासातून निष्पन्न झाले. जानेवारी २०२५ मध्ये बोस्टन येथील संशोधकांनी दाखविले की, जन्मतः चाळीस-पंचेचाळीस असलेली आवर्तने मेंदूच्या विशिष्ट पेशींत दशकानुदशके संथपणे वाढत ऐंशीच्या घरात जातात, नंतर वेगाने वाढतात आणि दीडशेच्या पलीकडे गेल्यावरच ती पेशी आजारी पडून मरते. म्हणजे दोष जन्मापासून असला, तरी तो घातक होण्यास कित्येक वर्षे लागतात. ही वाढच रोखता आली, तर विकारही रोखता येईल, ही आजच्या संशोधनाची नवी दिशा आहे. जननपेशींच्या अभ्यासाने जी अस्थिरता प्रथम इतक्या स्पष्टपणे मोजून दाखविली, तीच आज मेंदूच्या उपचाराचे लक्ष्य ठरली आहे.

देणारे आणि घेणारे

ज्यांनी दिले, त्यांना काय मिळाले? माराकायबोत रुग्णांसाठी १९९९ साली एक शुश्रूषागृह निघाले. पुढे ते बंद पडले. त्यानंतर व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्थाच कोसळली, लक्षावधी लोकांनी देश सोडला आणि साध्या औषधांचेही दुर्भिक्ष झाले. हालचालींवर नियंत्रण आणणाऱ्या टेट्राबेनाझिन या औषधाला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. पण ज्या वस्तीत पुरेसे अन्नही दुर्मीळ, तेथे त्याचा काय उपयोग? पोप फ्रान्सिस यांनी मे २०१७ मध्ये दक्षिण अमेरिकेतील रुग्णकुटुंबांची व्हॅटिकन येथे भेट घेतली, तेव्हा जगाचे लक्ष क्षणभर तिकडे वळले. परंतु नव्या उपचाराच्या चाचण्या झाल्या त्या अमेरिकेत व युरोपात. त्या सरोवराच्या पोटातले तेल जसे परदेशी गेले, तसेच काठावरच्या माणसांच्या देहातले ज्ञानही गेले.

यावर असे म्हटले जाईल की, विज्ञान कोणा एका वस्तीची मिरास नव्हे. जनुकाचा शोध लागला तो सर्व मानवजातीसाठी. शिवाय, तासन्‌तास चालणारी मेंदूची शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयांतच शक्य आहे आणि कंपन्या भांडवल गुंतवितात ते नफ्यासाठी. हे सर्व खरे आहे. परंतु त्यातून एवढेच सिद्ध होते की, न्याय आपोआप होणार नाही. न्याय करण्याची गरज नाही, असे सिद्ध होत नाही. ज्ञान सर्वांचे असेल, तर त्याच्या फळावर काहींचाच हक्क का असावा? दात्यांना अद्ययावत शस्त्रक्रिया आज देता आली नाही, तरी औषधे, पोषण, शुश्रूषा आणि सल्ला देता येतो. त्यासाठी लागणारी रक्कम संशोधनावरील खर्चाच्या मानाने नगण्य आहे. वैद्यकीय संशोधनातील लाभ त्यात सहभागी झालेल्या समुदायांपर्यंत पोहोचला पाहिजे, हे तत्त्व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूत्रांतही नमूद आहे. प्रश्न तत्त्वाचा उरलेला नाही, अंमलाचा आहे.

निर्णय कोणाचा?

याच विषयाला दुसरी एक बाजू आहे. गर्भाशयात रोपण करण्यापूर्वी भ्रूणाची तपासणी करून रोगमुक्त भ्रूण निवडता येतो. आपल्याला दोष आहे की नाही हे स्वतः जाणून न घेताही दांपत्याला हा मार्ग पत्करता येतो. धोका असलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे स्वतःची तपासणी करून घेत नाहीत, हे ध्यानात घेता या सोयीचे मोल कळते. मात्र त्यापलीकडे एक निसरडी वाट आहे. जर्मनीत नाझी राजवटीने जुलै १९३३ मध्ये जो सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्यातील रोगांच्या यादीत हंटिंग्टनचा विकार नावानिशी होता. दोष टाळण्याची इच्छा कुटुंबाची असेल, तर ते वैद्यक होय. तीच शासनाची वा समाजाची सक्ती झाली, तर तो अत्याचार होय. उभयतांमधील सीमारेषा प्रयोगशाळेत आखता येत नाही, ती कायद्याने आणि लोकमतानेच राखावी लागते.

भारताला ही चर्चा दूरची वाटण्याचे कारण नाही. स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सियाचा बारावा प्रकार हा हातांच्या कंपाने सुरू होणारा विकार सी-ए-जीच्याच आवर्तनांमुळे होतो, आणि त्याचे रुग्ण जगात सर्वाधिक भारतात, मुख्यत्वे उत्तरेतील एका समाजात, आढळले आहेत. त्यांच्या रक्तावरही संशोधन झाले आहे व होत राहील. गर्भलिंगतपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांआधी केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१च्या कायद्याने भ्रूणाची जनुकीय तपासणी ज्ञात आनुवंशिक रोगांपुरतीच मर्यादित केली. कायद्याची चौकट अशी उभी आहे; उणीव आहे ती समंजस सल्ल्याची. ज्या समाजात सोयरीक जुळविताना घराण्यातील दुखणी झाकली जातात आणि ती उघड झाल्यावर दोष सुनेच्या माथी मारला जातो, तेथे जनुकीय तपासणीचा कागद हा उपचाराचे साधन होण्याऐवजी बहिष्काराचे हत्यार सहज होऊ शकेल. म्हणून तपासणीआधी आणि तपासणीनंतर सल्ला देणारा प्रशिक्षित माणूस निदान प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असणे, तपासणीचे निष्कर्ष गुप्त राखले जाणे आणि नमुने देणाऱ्या कुटुंबांना पुढील उपचारात अग्रहक्क मिळणे, या तीन गोष्टी आजच करण्याजोग्या आहेत. त्यासाठी नव्या शोधाची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही.

माराकायबोच्या कोळ्यांनी रक्त आणि वीर्य दिले, तेव्हा आपण वाचू असे आश्वासन त्यांना कोणी दिले नव्हते. आपली मुले वाचतील एवढ्या आशेवर त्यांनी ते दिले. त्यांतील कित्येक आज हयात नाहीत. ज्या मुलांसाठी त्यांनी ते दिले, त्यांतील अनेकांना आता त्याच विकाराने ग्रासले आहे. यशाच्या बातमीचा खरा हिशेब बोस्टनमध्ये वा लंडनमध्ये पुरा होणार नाही. तो त्या सरोवराच्या काठावरील मुलांपर्यंत औषध पोहोचेल त्या दिवशीच पुरा होईल. तोवर विज्ञानाच्या खात्यावर हे ऋण नावे पडलेलेच राहील.