पोराचा खांदा आणि बापाचा खिसा

गेल्या रविवारी रात्री जेवणे आटोपून आम्ही बसलो होतो, तोच अमेरिकेहून भाच्याचा फोन आला. हा आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बाप गिरणीत खपला, पोरगा शिकला आणि संगणकाच्या नोकरीवर न्यू जर्सीला गेला. "मामा, जयभीम. एक सल्ला हवाय. पोराच्या बेसबॉलचं काय करू?"

आम्हाला हसू आले. आम्ही पडलो कारकून. उभ्या जन्मात बेसबॉलची बॅट हातात धरली नाही. पण तो बोलत गेला तसे हसू मावळले. प्रश्न खेळाचा कमी आणि संसाराचा अधिक होता.

त्याचा मुलगा दहा वर्षांचा. घराजवळच्या मैदानावर वस्तीच्या लीगमध्ये खेळतो. फी बेताची, शिकवणारे म्हणजे शेजारच्याच मुलांचे वडील, आणि प्रत्येक पोराला खेळायला मिळते. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यमस्पोर्ट गावी कार्ल स्टॉट्झ यांनी तीन संघ घेऊन जी 'लिटल लीग' सुरू केली, ती याच जातीची.

दुसरा प्रकार 'ट्रॅव्हल बॉल'. तिथे चाचणी घेऊन मुले निवडतात, पगारी प्रशिक्षक असतो आणि शनिवार-रविवार गावोगाव स्पर्धा. अनेक संघ जवळजवळ वर्षभर खेळतात. भाच्याच्या मुलाला अशाच एका संघाने बोलावले होते. सूनबाई म्हणे, "पाठवू या, नाहीतर मागे पडेल." भाचा म्हणे, "पैसे कुठून आणू?"

आम्ही म्हटले, "बाबा रे, आधी खाती मांड." संघाची फी, गणवेश, बॅट, ग्लोव्ह. गाडीचे पेट्रोल, हॉटेलची खोली, बाहेरचे जेवण. धाकटी मुलगी बरोबर आली तर तिचे तिकीट, घरी राहिली तर तिला सांभाळणार कोण? आणि आईबापाची सुट्टी? हे खाते कोणीच लिहीत नाही, पण नावे पडतेच.

म्हणून काय, गरिबाच्या पोराने गाव सोडून खेळायलाच जाऊ नये? असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. १९५५ साली साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरी 'कॅनन स्ट्रीट' नावाचा काळ्या मुलांचा लिटल लीग संघ होता. वये अकरा-बारा. त्यांच्याशी खेळावे लागू नये म्हणून राज्यातल्या गोऱ्या संघांनी स्पर्धाच सोडली. मुले न खेळताच विजेती ठरली. मग वरिष्ठांनी नियम दाखवला, न खेळता जिंकलेल्यांना पुढे जाता येत नाही! विल्यमस्पोर्टच्या अंतिम सामन्यांना त्यांना पाहुणे म्हणून बोलावले आणि बाकावर बसवले. 'त्यांना खेळू द्या' अशा आरोळ्या प्रेक्षकांतून उठल्या, तरी खेळू दिले नाही. पाणवठ्यावरून हाकललेल्यांच्या नातवंडांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

आज दारावर तशी पाटी नाही. पण खर्चाचा आकडा पाटीचेच काम करतो. फ्लोरिडातल्या गरीब घरचा अँड्र्यू मकचेन २०१३ साली नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याने २०१५ साली हेच लिहिले, की एका प्रशिक्षकाने आपला खर्च उचलला नसता तर आपण कोणाच्या नजरेस पडलो नसतो.

याच्या उलट उदाहरणही आहे. फिलाडेल्फियातल्या एका सार्वजनिक क्रीडाकेंद्रातला 'अँडरसन मोनार्क्स' हा वस्तीतल्या मुलांचा संघ. २०१२ साली ही मुले १९४७ सालच्या जुन्या बसमधून देशभर खेळत हिंडली, कारण १९४७ साली जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूने गोऱ्यांच्या बड्या लीगचे दार उघडले होते. त्याच संघात वाढलेली मोने डेव्हिस हिने २०१४ साली, तेराव्या वर्षी, लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत समोरच्या संघाला एकही धाव न देता सामना जिंकून दिला. मुलगी पिचरने असे पहिल्यांदाच केले. गावोगाव हिंडल्याने पोरे मोठी होतात ती अशी, आपल्या सवंगड्यांसह!

म्हणून आम्ही भाच्याला मधली वाट सुचवली. ती तिकडे रुळलेलीच आहे. पोराने वस्तीची लीग सोडायची नाही. तिचा हंगाम संपला, की त्याच लीगमधल्या मुलांचा संघ करून उन्हाळ्यात दोन-तीन स्पर्धा खेळायच्या, शक्यतो रात्री घरी परतता येईल अशा. तीन घरांनी मिळून एक गाडी न्यायची, डबे घरून. ज्याला झेपत नाही त्याचा वाटा बाकीच्यांनी उचलायचा. चांगली मुले आणि सवड असलेले पालक लीग सोडून गेले, तर मागे राहिलेल्यांना शिकवणार कोण?

एक सावधगिरी मात्र आम्ही बजावून सांगितली. मुलगा पिचर आहे. लिटल लीगच्या नियमाने नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला ७५ चेंडूंहून अधिक टाकायचे नाहीत. ६६ किंवा जास्त टाकले, तर पुढे चार दिवस विश्रांती. पण मूल दोन संघांत खेळते, तेव्हा प्रत्येक प्रशिक्षक आपल्यापुरते मोजतो. बेरीज कोणीच करत नाही आणि कोपर-खांदा दुखावतो. म्हणून घरी एक वही ठेवायची, दोन्हीकडचे चेंडू तारीखवार लिहायचे. शिवाय अमेरिकेतल्या बेसबॉल संस्थांनीच सांगितले आहे, की या वयात वर्षातले निदान चार महिने चेंडूफेक बंद ठेवावी. वर्षभर खेळणाऱ्या संघात हे चार महिने यायचे कुठून?

शेवटी विचारले, "पोराला विचारलंस का?" पलीकडे शांतता. दोघे नवराबायको महिनाभर वाद घालत होते, पण पोराला कोणी विचारले नव्हते. दोन दिवसांनी निरोप आला. मुलगा म्हणाला, शेजारच्या मित्राबरोबरच खेळायचं, तो येणार असेल तर स्पर्धेलाही जाऊ. या उन्हाळ्यात दोन स्पर्धा ठरल्या आहेत. मित्राच्या आईला दोन पाळ्यांची नोकरी आहे, म्हणून त्याला न्यायचे-आणायचे भाच्याने पत्करले.

माताभगिनींनो, आपल्याकडेही क्रिकेटच्या शिबिरांसाठी घरे कर्ज काढू लागली आहेत. हौस करा, जरूर करा. पण आधी वही उघडा, पोराला विचारा, आणि शेजारचे पोर मागे राहात नाही ना, तेवढे पाहा.