सडा म्हणजे वाळवंट नव्हे!

परवा कुणीतरी ग्रुपवर एक रील टाकली. आपल्याच जिल्ह्यातला सडा, मे महिन्याचं ऊन, करपलेलं गवत आणि त्यावरून धुरळा उडवत चाललेल्या तीन जीप. वर लिहिलेलं, 'कोकणातली डेझर्ट ड्राइव्ह! शेवटी आदिमानवाचं सरप्राइज!' सरप्राइज म्हणजे कातळशिल्प. खाली 'लोकेशन पाठवा' म्हणणाऱ्यांची रांग, त्यात निम्मी नावं आपल्या ओळखीची.

रविवारी मुद्दाम जाऊन बघून आलो. गाड्या रस्ता सोडून सरळ कातळावर गेलेल्या. शिल्पाच्या एका कोपऱ्यावर टायरचा माग स्पष्ट दिसतोय. फोटोत रेषा उठून दिसाव्यात म्हणून कुणीतरी खाचांत चुना भरलाय. जागेचं नाव देत नाही. दिलं तर पुढच्या रविवारी आणखी दहा गाड्या जातील.

पण मित्रांनो, मला त्या पोरांपेक्षा आपला जास्त राग आलाय. सडा म्हणजे मोकळं रान, तिथं काहीही केलं तरी चालतं, हे त्यांना शिकवलं कुणी? आपणच. आपल्या सातबाऱ्यावर या जमिनीला शब्द आहे 'पोटखराबा'. लागवडीला निरुपयोगी, म्हणजे कशालाच निरुपयोगी, असा अर्थ आपण परस्पर काढला. मग चिरेखाण काढा, सुरुंग लावून कलमं लावा, प्लॉट पाडा, कचरा टाका. कुणी विचारत नाही.

हा 'खराबा' जरा आठवा. जूनमध्ये पाऊस पडला की याच कातळावर पाण्याची डबकी साचतात, गवत उठतं. श्रावण-भाद्रपदात गेंद आणि सीतेची आसवं यांनी सडा निळा-पांढरा होतो. जांभ्यातून मुरलेलं पाणी खाली वाडीतल्या झऱ्याला आणि विहिरीला येतं. गुरं चरतात ती इथंच. वाळवंटात हे होतं का?

आणि याच कातळावर कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी बोट-दोन बोटं खोल खोदून चित्रं काढली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं. आज कोकणात गेंडा नाही, पण शिल्पांत गेंडा आहे. बारसूला एक माणूस आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ. देवीहसोळचं शिल्प आर्यादुर्गेच्या देवळाजवळच आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना यातली बरीच ठाऊक होती, 'पांडवांनी एका रात्रीत काढली' म्हणायचे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगाव चालत फिरले, गुराख्यांना विचारत राहिले, म्हणून ती जगाला कळली. जीपमधून नाही सापडली ती.

२०२२ मध्ये यातल्या नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. आपण स्टेटस ठेवले, पेढे वाटले. पण संभाव्य यादी म्हणजे संरक्षण नव्हे, तो फक्त रांगेत लावलेला नंबर आहे. त्या नऊ जागांत बारसू आहे. आणि त्याच वर्षी जानेवारीत राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी रिफायनरीसाठी केंद्राला सुचवलेली जागाही बारसूच. सरकारं बदलली, जागा तीच राहिली. एप्रिल २०२३ मध्ये बंदोबस्तात माती परीक्षणाचे ड्रिल लागले आणि बायाबापड्या उन्हात सड्यावर आडव्या झाल्या. एक हात जगाला वारसा दाखवतो, दुसरा हात तोच सडा कारखान्याला दाखवतो. तुम्ही रिफायनरीच्या बाजूचे असा नाहीतर विरोधातले, एवढं तर मान्य कराल की जागा 'ओसाड' आहे हे कारण खोटं होतं.

आता कुणी म्हणेल, तुझं घर कशाचं? चिऱ्याचंच आहे. चिरा नको असं मी म्हणत नाही. सड्याची जमीन बहुतेक खासगी आहे आणि मालकाला त्यातून चार पैसे मिळाले तर त्याचा हक्कच आहे. 'वारसा आहे' म्हणून त्याच्या जमिनीवर बंदी घालायची आणि त्याला वाऱ्यावर सोडायचं, हा न्याय नव्हे. असं केलं तर उद्या कुणाच्या जागेत शिल्प सापडलं की तो गुपचूप माती लोटून मोकळा होईल. दोष त्याला कसा द्यायचा?

मार्ग आहे. उक्षीला जाऊन बघा. हत्तीभोवती गोल कठडा आहे, माणूस बाहेरून फिरून शिल्प बघतो, पाय वर पडत नाही. असं प्रत्येक गावाला जमेल. माझ्या मागण्या चारच आहेत.

१) खाणीला किंवा सपाटीकरणाला परवानगी देण्याआधी त्या कातळाची पाहणी झालीच पाहिजे, आणि शिल्प असेल तर सातबाऱ्यावर तशी नोंद.
२) जमीनमालकाला मोबदला किंवा प्रवेश शुल्कात वाटा.
३) गाडी डांबरी रस्त्यावरच थांबेल. पुढे चालत, गावातल्या माणसाला सोबत घेऊन आणि त्याला पैसे देऊन.
४) खाचांत चुना, खडू, रंग काहीही भरायचं नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात जा, रेषा आपोआप दिसतात.

पुढच्या ग्रामसभेत पहिला आणि दुसरा मुद्दा मी लेखी देणार आहे. तुम्ही तुमच्या गावात द्या. पाहुणे आले तर त्यांना सडा जरूर दाखवा, पण गाडीची चावी आधी मागून घ्या. आणि पुढच्या वेळी कुणी ग्रुपवर 'लोकेशन पाठवा' म्हणालं, तर पिन पाठवू नका. गावातल्या माणसाचा नंबर द्या, त्याला विचारून.