वाट शहराची, गाळे वाटेवरचे

नेदरलँड्समधल्या युट्रेख्तमध्ये रेल्वे स्थानक आणि जुने गाव यांच्या मधोमध होख कातराइने नावाचे अवाढव्य व्यापारी संकुल आहे. ब्रेडेरो या बांधकाम कंपनीने १९६२ मध्ये त्याचा आराखडा मांडला आणि १९७३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्यापायी स्थानकालगतची वस्ती गेली आणि गावाभोवतीच्या मध्ययुगीन खंदकाचा एक भाग रुंद मोटाररस्त्याच्या पोटात गेला. गेल्या वीसेक वर्षांत त्यातले बरेच काही उलटवण्यात आले. रस्ता उखडून पाणी परत आणले, स्थानक संकुलापासून सुटे केले, संकुलाचा काही भाग पाडून उरलेले नव्याने घडवले. यावर पहिला आक्षेप हिशेबी माणसाचा असतो: चालत्या धंद्याला हात लावायचेच कशाला? गर्दी अफाट होती, गाळे चालत होते, मग हा खर्च कोणाच्या हौसेसाठी?

या आक्षेपाची सारी भिस्त गर्दीवर आहे, आणि तीच गर्दी नीट पाहिली की तो ढासळतो. जुन्या रचनेत पायी चालणाऱ्यांना वरच्या मजल्यावर चढवले होते. खाली मोटारी, मालाची ने-आण आणि वाहनतळ. स्थानकाचे दालन थेट संकुलाला जोडलेले असल्याने, गाडीतून उतरून गावात निघालेल्याला बहुधा दुकानांच्या रांगांमधूनच जावे लागे. ज्याच्यापुढे दुसरी सोयीची वाट नाही, त्याचे येणे पसंतीचा पुरावा कसे ठरेल? टोलनाक्यावर रांग लागते म्हणून नाका लोकप्रिय आहे, असे कोणी म्हणत नाही. शिवाय माणसे वर नेल्यावर जमिनीवर उरले ते खांब, अंधार आणि मालवाहू गाड्यांचे बोळ. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथला एक बोगदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांचा आसरा बनला आणि त्याच नावाने देशभर ओळखला जाऊ लागला. भाडे मालकाच्या खात्यात आणि निस्तरणे शहराच्या गळ्यात, अशी ती वाटणी होती. ‘धंदा चालत होता’ या वाक्यात ही दुसरी बाजू कधी येत नाही.

दुसरा आक्षेप पाण्याविषयी. खंदक म्हणजे शोभा आणि रस्ता म्हणजे गरज, असे तो सांगतो. पण गरज म्हणवणारा हा रस्ता एका मोठ्या मनसुब्याचा तुकडा होता. फॉइश्टिंगर या जर्मन वाहतूकतज्ज्ञाने १९५८ मध्ये खंदक बुजवून त्यावर मोटारींचे कडे फिरवण्याची सूचना केली होती. तिला विरोध झाला, कडे कधीच पूर्ण झाले नाही आणि शहराच्या पदरी पडला नुसता तुकडा. २००२ च्या सार्वमतात मतदारांनी पाणी परत आणणारा आराखडा निवडला. सप्टेंबर २०२० मध्ये खंदकाचे वर्तुळ पुन्हा जुळले. २०२२ मध्ये या कामाला सार्वजनिक जागांसाठीचा युरोपीय पुरस्कारही मिळाला. अर्थात परीक्षकांची पसंती हा काही पुरावा नव्हे. पुरावा वाटांमध्ये आहे. आज स्थानक आणि संकुल यांच्यामध्ये चौक आहे, त्याखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे, आणि दक्षिणेला रुळांवरून पादचारी व सायकलस्वारांसाठी वेगळा पूल आहे. एवढे करून संकुल बुडाले का? नाही, ते तिथेच आहे आणि पाणी त्याच्या खालून वाहते. ‘शेवटी मॉल राहिलाच’ असे कडवे टीकाकार म्हणतात, तेव्हा ते खरेच बोलतात. पण दुकान असण्याला हरकत कधीच नव्हती, ते टाळता न येण्याला होती. सगळेच्या सगळे पाडले असते तर ती आणखी एक उधळपट्टी झाली असती.

हा वाद मुंबईपासून दूरचा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली आणि अहमदाबादसोबत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. त्या आराखड्यांचे ठळक वैशिष्ट्य म्हणजे रुळांवरचा प्रशस्त ‘रूफ प्लाझा’: प्रवाशांच्या सोयी आणि दुकाने, उपाहारगृहे एकाच ठिकाणी. शहराच्या दोन्ही बाजू स्थानकाने जोडण्याचेही आश्वासन आहे, आणि ते स्वागतार्हच आहे. मात्र माणसे वर, बाकी सारे खाली, ही मांडणी युट्रेख्तने एकदा करून पाहिली आहे. ‘तिथली लोकसंख्या ती किती, इथली गर्दी ती किती’ असे उत्तर मिळेल. ते आमच्याच बाजूचे आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली ती अरुंद जिन्यावर; जिथे गर्दी अधिक, तिथे वाट अडवणारा प्रत्येक गाळा अधिक महाग. व्यापारी उत्पन्नाशिवाय असे प्रकल्प उभे राहत नाहीत, हे मान्य. म्हणूनच भाड्याचे आकडे मांडण्याआधी रेल्वेने आणि महापालिकेने एक नकाशा लोकांपुढे ठेवावा: फलाटावरून उतरलेला माणूस एकही दुकान न ओलांडता, जमिनीवरून, रात्रीच्या शेवटच्या गाडीनंतरही रस्त्यावर कसा पोहोचेल. तो नकाशा येईपर्यंत गाळ्यांच्या निविदा काढू नयेत.