पोटाचीही मशागत हवी



दिवाळी आली की कारखान्याची सवलतीची साखर घरात येते. शेवगाव भागात एकेकाळी रब्बी ज्वारीचे राज्य होते. मुळा आणि जायकवाडीचे पाणी आले, ऊस आला, हाती पैसा आला. त्याचबरोबर भाकरी मागे पडली आणि चहासोबत खारी, बिस्किटे, बाजारच्या दिवशी भजी-वडे आले. उसाने घरे उभी केली हे खरे. पण पिकवली म्हणून साखर तितकीच खावी असे नाही.

जमिनीचे पाहा. नुसत्या युरियावर पीक हिरवेगार दिसते. पण शेणखत, पालापाचोळा मिळाला नाही की जमिनीतले जिवाणू कमी होतात आणि जमिनीचा कस जातो. आपल्या मोठ्या आतड्यातही असेच असंख्य जिवाणू राहतात. धान्याचा कोंडा, कडधान्ये आणि भाज्यांतला चोथा हे त्यांचे खाद्य. तो आंबवून ते जी आम्ले तयार करतात, त्यांवर आतड्याचे अस्तर पोसते. साखर आणि तेल बहुतेक लहान आतड्यातच शोषले जाते. जिवाणू उपाशी राहतात, आणि इकडे अंगावर चरबी चढते. चोथा न मिळालेले जिवाणू आतड्याचे बुळबुळीत आवरणच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. मैद्यात ३ ग्रॅमही नसतो.

कोणी म्हणेल, "मी तर काटकुळा, मला कसली चरबी?" पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांहून बरीच हलकी. पण अंगातली चरबी त्या मानाने जास्त! म्हणून नुसत्या वजनावर जाऊ नये, कंबर मोजावी. पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हावे.

आता घरचा हिशोब करा. पाच माणसांत महिन्याला ६ किलो साखर लागली, तर माणशी रोज ४० ग्रॅम झाली. मोठ्या माणसाने दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमच खावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले. त्यात गूळ आणि बिस्किटांतली साखरही धरावी.

तेव्हा चहातला एक चमचा कमी करा. तळण सणापुरते ठेवा. गव्हाच्या पिठातला कोंडा चाळून टाकू नका. एक वेळ तरी भाकरी आणि सोबत मटकी, हुलगा किंवा पालेभाजी असू द्या. सवय नसेल तर हळूहळू वाढवा, नाहीतर पोटात वायू धरतो. पोटाचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि ऊस कितीही असो, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एक पट्टा मालदांडीचा पेरा. कडबा जनावरांना होईल, भाकरी घराला.