समुद्रतळाचे दप्तर

उंबरमाळी, खर्डी, कसारा या मुलुखातील एखादे जुने घर वैशाखात शाकारावयास काढले म्हणजे मंगळुरी कौलांच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठावदार अक्षरांत दिसते. ती अक्षरे ज्यांनी बोटाने चाचपून पाहिली आहेत त्यांना हे ऐकून नवल वाटेल की, त्याच जातीच्या कौलांचा, बुडालेल्या जहाजावरील मोठा साठा गोव्याच्या समुद्रात, सेंट जॉर्ज रीफ या खडकाळ भागी, शतकाहून अधिक काळ पडून आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात उतरून पाहणी केली तेव्हा छपराची कौले, फरशा, भाजलेल्या मातीचे नक्षीदार स्तंभभाग असा इमारतीचा जवळजवळ सगळा सरंजाम तेथे आढळला. मालावर मंगळूरच्या बासेल मिशनच्या कारखान्याचे नाव आणि 1865 हे त्याच्या स्थापनेचे साल आहे. सुंची रीफपाशी तर त्याहून जुना, सतराव्या शतकातील पोर्तुगीज व्यापाराचा माल सापडला: हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, मर्तबानी बरण्यांचे तुकडे.

स्कूबा डायव्हिंगचा छंद आपल्याकडे वाढतो आहे, याचा मला मनःपूर्वक आनंद आहे. खोल पाण्यात तांबडा रंग प्रथम लोपतो, म्हणून लाल कौलही करडे भासते आणि विजेरीचा झोत पडताच त्याचा मूळ वर्ण उजळून निघतो; हे दृश्य ज्याने पाहिले त्याला इतिहासाची गोडी निराळी लावावी लागत नाही. परंतु त्याच पाहुण्याने आठवण म्हणून एक तुकडा पिशवीत टाकला, तर जी हानी होते ती कोणत्याही दंडाने भरून येणारी नाही. कोणता माल खाली होता, कोणता वर रचला होता, जहाज कोणत्या कुशीवर कलंडले, हे सारे त्या तुकड्यांच्या जागेवरूनच ठरते, आणि पंचनामा होण्यापूर्वी हलविलेली वस्तू साक्ष देऊ शकत नाही. शिवाय खारे पाणी मुरलेले लोखंड वा हस्तिदंत बाहेर काढून नुसते वाळू दिले, तर आतील क्षार स्फटिकरूप होऊन ते तडकते. दिवाणखान्यातील फळीवर अखेर भुगाच उरतो.

डोंगरात राहणाऱ्यांनी या गोष्टीची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. मुरबाडहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, आणि परंपरेने जकातीचा मानलेला दगडी रांजणही आहे. सोपारा व कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने देशावर जाई. त्या व्यापाराच्या हिशेबाची एक बाजू आपल्या घाटात कोरलेली आहे. दुसरी कोकणच्या समुद्रतळाशी आहे, आणि ती अद्याप फारशी वाचली गेलेली नाही.

12 जानेवारी 2024 रोजी नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही युद्धनौका सिंधुदुर्गातील निवती खडकांजवळ समुद्रतळी बसविण्याची राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची योजना मला म्हणूनच स्वागतार्ह वाटते. तेल, रंग, विषारी द्रव्ये काढून नीट स्वच्छ केलेल्या पोलादी नौकेवर प्रवाळ आणि मासे वस्ती करतात. हौशी पाहुण्यांना तेथे मनसोक्त फिरू द्यावे आणि प्राचीन अवशेष अभ्यासकांसाठी राखून ठेवावेत, अशी विभागणी सरकारला आता करता येईल. मात्र परवान्याच्या अटींत काहीही वर न आणण्याचा हुकूम निःसंदिग्ध असला पाहिजे, आणि तारकर्लीच्या स्कूबा प्रशिक्षण केंद्रात पाणबुड्यांना जे शिकवितात त्यात या विषयालाही तास मिळाला पाहिजे.

त्याच्याही आधी पुरातत्त्व खात्याने किनाऱ्यावरील बुडीत जहाजांची नोंदवही तयार करावी आणि तिचा आरंभ मच्छीमार वाड्यांतून करावा. जाळे कोणत्या ठिकाणी पुनःपुन्हा अडकून फाटते हे तांडेलाला पक्के ठाऊक असते; त्या माहितीचा योग्य मोबदला त्याला द्यावा, आणि नोंदीत त्याचे नाव लिहावे.